मोठे बाबा, तो मेसेज पुढं पाठवू नका

"पासवर्ड मॅनेजर वापरू नका, कंपनीवाले सगळं वाचतात. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवा, दर महिन्याला बदला, वहीत लिहा. नेट गेलं की ॲपमधले पासवर्डही जातात." हा मेसेज मला तीनदा आला. (पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली कुलूपबंद ठेवणारं ॲप.) तिसऱ्यांदा थेट मोठ्या बाबांकडून. "काहून रे, खोटं हाय का हे?" मी फोन करेपर्यंत त्यांनी बँक, ई-मेल आणि नातीची शिष्यवृत्ती, सगळ्यांचा पासवर्ड एक करून टाकला होता!

सगळ्यात घातक सल्ला तोच. आमच्याकडे फॉर्म भरायला अख्खं गाव एकाच केंद्रावर जातं. तिथल्या टेबलावरची लांबट वही मी पाहिली आहे. डावीकडं नाव, मधात मोबाईल नंबर, उजवीकडं पासवर्ड. निम्म्या लोकांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढं १२३. त्या पानाचा कोणी फोटो काढला आणि ई-मेललाही तोच पासवर्ड असला, की 'पासवर्ड विसरलात?' दाबत दाबत तो तुमची बाकीची खातीही उघडतो. वहीसुद्धा लागत नाही. एका वेबसाइटवरून फुटलेले पासवर्ड चोर दुसऱ्या शेकडो ठिकाणी यंत्राकरवी लावून पाहतात. मॅनेजर प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड करून देतो, तो याचसाठी.

दर महिन्याला बदलणं? अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका. मोठे बाबा १२३ चं १२४ करतील, दुसरं काय? पासवर्ड मॅनेजर वापरता यावा म्हणून वेबसाइटांनी पासवर्ड पेस्ट करू द्यावा, हेही त्याच कागदात आहे.

कंपनी वाचते, यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटांचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना खरा धोका होता. म्हणून मुख्य पासवर्ड लांब हवा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा. मी बिटवॉर्डन हा मॅनेजर सांगतो. फुकट आहे, आणि त्याचा कोड कोणीही तपासू शकतो. कंपनीच नको असेल तर कीपास हा मॅनेजर घ्या, त्याची फाइल तुमच्याजवळच राहते. टॉवर गेला तरी दोन्हींतले साठवलेले पासवर्ड दिसतात.

घरातली वही एकाच पासवर्डापेक्षा बरी, हे मान्य. पण बँकेसारखीच दिसणारी खोटी साइट वहीला ओळखता येत नाही. मॅनेजर पत्ता जुळला नाही तर पासवर्ड आपोआप भरत नाही. तो गप्प राहिला की हातानं टाकू नका, आधी पत्ता वाचा.

मुख्य पासवर्ड विसरलात तर बहुतेक वेळा कंपनीही परत देऊ शकत नाही. मोठे बाबा, तेवढा एकच कागदावर लिहा आणि सातबारा ठेवता त्या पेटीत ठेवा. बाकीचं मी रविवारी येऊन बसवून देतो, ई-मेलपासून सुरुवात करू.