सोसायटीला दिलेली ‘भेट’ लाच ठरत नाही का? : खुलासा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांत असा मजकूर फिरतो आहे की, उमेदवाराने मतांच्या बदल्यात इमारतीला रंग लावून दिला तर ती लाच नव्हे, कारण पैसा कोणा एकाच्या खिशात जात नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयानेच २०१३ मध्ये अशा भेटींना मान्यता दिली आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतदानासाठी प्रलोभन म्हणून लाभ देणे आणि तो स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी स्वीकारणे, ही लाचच होय. संहितेच्या व्याख्येनुसार ‘व्यक्ती’मध्ये संस्था आणि व्यक्तींचा समूहही येतो. कलम १७३ मध्ये एक वर्षापर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे ‘आमच्या एवढ्या फ्लॅटांचे पॅकेज काय?’ असे गिऱ्हाइकाच्या थाटात विचारणारी कार्यकारिणीही यातून सुटत नाही. फिरणाऱ्या मजकुरात नेमके हेच सोयीस्करपणे गाळलेले आहे.

२०१३ चा सुब्रमण्यम बालाजी प्रकरणातील निकाल तामिळनाडूतील रंगीत टीव्ही, मिक्सर यांसारख्या जाहीरनाम्यातील आश्वासनांविषयी होता. ती आश्वासने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मोफत वस्तूंच्या वाटपाने मुक्त निवडणुकीच्या मुळालाच धक्का बसतो, असेही नोंदवून निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले.

सार्वजनिक रस्त्यावर दिवे लावण्याचे आश्वासन कलम १७० मध्ये सार्वजनिक कामांच्या आश्वासनांसाठी ठेवलेल्या अपवादात बसते; मतांच्या बोलीवर संकुलाच्या रंगकामाचे बिल भरणे बसत नाही.