‘काका, लेफ्ट फ्री असतंय की!’ : एका फॉरवर्डची झाडाझडती

मागच्या आठवड्यात भाच्यानं आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तीन लाल भोंगे आणि खाली ‘वाहनचालकांनो, जागे व्हा! हे तुम्हाला पोलीस कधीच सांगणार नाहीत’. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आणि एका लग्नासाठी काढलेल्या ग्रुपवरही येऊन पडला. ते लग्न होऊन दोन वर्षं झाली, ग्रुप मात्र कोणी सोडलेला नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फलक मराठीत नसेल तर तो बेकायदा. तसंही फलक म्हणजे नुसती सूचना, कायदा नव्हे. डावीकडे वळणाऱ्याला लाल दिवा लागू नाही. रस्त्यावरचे पट्टे ओलांडले तर दंडच नाही. आणि सिग्नल तोडलाच, तर फार तर पाचशे रुपये.

मराठीचा मुद्दा कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, ही सक्ती २०२२ साली राज्यातल्या लहान दुकानांनाही लागू झाली. पण तो कायदा दुकानं आणि आस्थापनांचा. रस्त्यावरच्या फलकांचा हिशोब मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहे, कलम ११६. फलकाचा आकार, रंग, प्रकार आणि अर्थ त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे असतो. राज्य सरकारला वाटलं तर त्यावरचे शब्द नि आकडे ते आपल्या लिपीत जोडू शकतं. ‘जोडू शकतं’ म्हटलंय, ‘जोडलंच पाहिजे’ नाही. लाल कडेच्या गोलात इंग्रजी आकड्यातले चाळीस असोत की देवनागरी ४०, एक्सलेटरवरचा पाय तेवढाच उचलायचा. मुळात ही चिन्हं आहेतच कशासाठी? ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही लांबून कळावं म्हणून. तेलंगणातून उदगीरला माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यानं आधी बाराखडी शिकायची की काय?

‘फलक म्हणजे सूचना’ या वाक्यात मात्र चिमूटभर खरं आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. फलक तीन जातीचे. गोल असतात ते आज्ञेचे, त्रिकोणी सावध करणारे, चौकोनी-आयताकृती माहितीचे. कलम ११९ म्हणतं की आज्ञेचा फलक जे दाखवतो त्याप्रमाणेच गाडी चालवणं प्रत्येक चालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे ‘प्रवेश बंद’, ‘ओव्हरटेक करू नका’, वेगमर्यादा, हे सगळे हुकूम. त्यातले दोन फलक गोल नाहीत, तरी हुकूमच आहेत. एक अष्टकोनी ‘थांबा’ आणि दुसरा उलटा त्रिकोण, ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’. या दोघांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. फलक धुळीनं माखलेला असला, मागून दिसत असला, तरी नुसत्या कडेवरून ओळखू यावा. उभा त्रिकोण, म्हणजे पुढं वळण, शाळा, अरुंद पूल वगैरे, न पाळल्याबद्दल थेट पावती फाटणार नाही, हे मान्य. पण शाळेचा त्रिकोण दिसूनही कोणी ऐंशीनं गेला आणि काही झालं, तर धोकादायक गाडी चालवल्याचं कलम १८४ आणि भारतीय न्याय संहितेचं २८१ ही दोन्ही समोर येतात. तिथं तो त्रिकोण चालकाच्या बाजूनं बोलत नाही.

आता मेसेज लिहिणाऱ्याची खरी संधी हुकली ती इथं. सरकारनं किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या यंत्रणेनं लावलेला फलकच कायद्याचा. दुसऱ्या कुणाला रस्त्यावर वाहतुकीचा फलक उभा करताच येत नाही. तेव्हा शटरवर ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ असं रंगवणाऱ्या दुकानदाराची पाटी ही वाहतुकीची आज्ञा नव्हे. हे मेसेजमध्ये असतं तर मीच पुढं ढकललं असतं. (म्हणून त्याच्या दारात गाडी आडवी लावायची मुभा मिळते असं नाही, आणि हवा तो सोडतोच.)

डाव्या वळणाबद्दल. परवा सकाळी चौकात लाल दिव्याला स्कूटी उभी केली, मला डावीकडेच जायचं होतं. मागून ऑटोवाल्यानं हॉर्न धरला, मग मुंडकं बाहेर काढून म्हणाला, ‘काका, कामून थांबायलात? लेफ्ट फ्री असतंय की!’ मी पुढं बोट दाखवलं. झेब्रावर एक आजी, एका हातात नातवाचं दप्तर, दुसऱ्या हातात नातू, अर्ध्या रस्त्यात आलेली. ज्या बाजूला आम्हाला वळायचं, तोच रस्ता ती ओलांडत होती. समोरच्या गाड्या लाल दिव्याला थांबल्या म्हणून तिनं पाय खाली टाकला. ती काही ‘लेफ्टवाले सोडून’ असा हिशोब करून उतरली नव्हती.

कायदाही तो हिशोब करत नाही. कलम ११९ सांगतं की सिग्नलच्या दिव्यांचे आणि वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचे निर्देश पाळायचे. डावीकडे वळणाऱ्याला त्यातून वगळलेलं नाही. हिरवा डावा बाण लागला असेल, किंवा तसा फलक लावून, डावीकडची वाट वेगळी काढून वळण मोकळं केलं असेल, तिथं जा खुशाल. बाकी ठिकाणी गोल लाल दिवा सगळ्यांनाच लाल. ‘सगळीकडे फ्री’ ही सवय आहे, आणि ती इतकी जुनी झालीय की नियम पाळणाराच चौकात अडाणी दिसतो.

याच्याच पोटातले दोन बारीक गैरसमज आहेत. पिवळा दिवा म्हणजे ‘पळ’ नव्हे. सुरक्षित थांबता येणारच नाही इतकं जवळ पोचलो असू तरच पुढं जायचं. आणि रात्री पिवळा लुकलुकत असेल, तर सिग्नल बंद पडला असं समजायचं नाही. वेग कमी करून, बघून जा, असा त्याचा अर्थ आहे. दिवा हिरवा आणि पोलिसाचा हात आडवा, तर हात मोठा.

पट्टे. ‘ठेकेदाराच्या बिलासाठी मारतात’ असं मेसेजमध्ये होतं. पहिल्या पावसात पुसले जाणारे पट्टे बघितले की हसू येतं, कबूल. पण पट्ट्यांना केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांचा आधार आहे. ते विनियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १७७अ लागतं. त्यात दंड पाचशेच्या खाली येत नाही, हजारापर्यंत जातो. तुटक रेघ असेल तर बघून ओलांडता येते, सलग रेघ ओलांडायची नाही. दोन्ही शेजारी असतील तर आपल्या बाजूला कुठली आहे ते बघायचं. कारखाने सुरू झाले की याची किंमत कळते. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वाढं दोन्ही अंगाला लोंबतंय, समोरचं काही दिसत नाही आणि चढावर सलग रेघ आहे. ती रेघ मारणाऱ्याला पुढचा चढ माहीत होता. आपल्याला फक्त ट्रॉलीचं बूड दिसत असतं.

राहिला पाचशेचा हिशोब. तो किरकोळ उल्लंघनाच्या कलम १७७ चा आहे, पहिल्या वेळेसाठी. लाल दिवा तोडणं आणि ‘थांबा’चा फलक न मानणं ही दोन्ही २०१९ पासून कलम १८४ च्या स्पष्टीकरणात नाव घेऊन बसवली आहेत, धोकादायक चालवण्याच्या रांगेत. तिथं पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भाच्यानं अंगठा दिला. मग एकानं विचारलं, ‘आणि फलक दिसतच नसेल तर?’ प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर शोधून दिलं. वाहतुकीचा फलक झाकणारी जाहिरात पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचा अधिकारी काढून टाकू शकतो, कलम ११६ मध्येच आहे. गाडीचा धक्का लागून चुकून फलक वाकला, तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायची जबाबदारी त्याच कलमात धक्का देणाऱ्यावर टाकलीय.

त्यानंतर ग्रुप शांत झाला. आमच्या वळणावरचा ४० चा गोल दिवाळीपासून वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या मागं गेलाय, आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून ज्यांचे फोटो त्यावर आहेत त्यातले दोघं ग्रुपचे ॲडमिन आहेत.