संसदेत अर्ज टाकताय? थोडं थांबा

खनिज वाहणारा टिपर दारात उभा आहे, टायर मातीत रुतलेत, बँकेची तिसरी नोटीस देवघराच्या फळीवर ठेवलीय आणि घरातलं कुणीतरी रोज म्हणतंय, ‘आता दिल्लीलाच सांगायला हवं.’ असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी. तुम्ही डिचोलीचे असा, सत्तरीचे, सांग्याचे की धारबांदोड्याचे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून ट्रक थांबले, त्या दिवसापासून तुमचं सरकारी नाव ‘खाण अवलंबित’. लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू झाल्या म्हणून ते पुसलं जात नाही. अर्जात हेच नाव घाला, त्याने वजन येतं.

लोकसभेची याचिका समिती, म्हणजे लोकांचे अर्ज बघणारी समिती, तुमच्यासारख्यांसाठीच असते. पंधरा सदस्य, त्यात मंत्री एकही नाही, म्हणजे दबावाचा प्रश्न नाही. निर्णयाचाही फारसा नाही, पण तो पुढचा भाग.

आधी नमुना. लोकसभेच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात तो छापील मिळतो. सुरुवातीला ‘नम्र अर्ज’ म्हणायचं, मध्ये गाऱ्हाणं घालायचं आणि शेवटी अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करीत राहील, असं लिहून द्यायचं. हे वाक्य गाळू नका. अख्ख्या अर्जात शब्दशः खरं ठरणारं तेवढं एकच असतं.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मराठीत किंवा कोंकणीत लिहिलात तर सोबत भाषांतर लागतं, आणि त्याच्यावरही तुमचीच सही. भाषा आदराची, शिष्ट आणि संयमी असावी असा नियम आहे. वाळपईच्या स्टँडवर या विषयावर जी भाषा चालते तिचं संयमी इंग्रजी करून देणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नका, तो पुढे निवडणुकीलाही उपयोगी पडेल. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र अर्जाला कागद जोडायचे नाहीत. पत्र, प्रतिज्ञापत्र, दाखला, काहीही नाही. हप्त्याचं पासबुक, पासिंगचे कागद, म्हाताऱ्याच्या छातीचा एक्स-रे, भातशेतीत येऊन बसलेल्या लाल गाळाचे फोटो, सगळं घरीच राहू द्या. संसद तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. जवळजवळ इतकं की वाचायची गरज पडत नाही.

आता विषय. कोर्टापुढे असलेली बाब चालत नाही. कायद्यात ज्यावर दुसरा उपाय आहे अशी बाब चालत नाही. जी राज्याच्या विधानसभेत मांडायला हवी तीही चालत नाही. एवढं वगळून जे उरतं त्यावर खुशाल लिहा. गोव्याच्या खाणींबाबत कोर्टात नसलेली एखादी गोष्ट तुम्हाला सापडली तर ती वाया घालवू नका, तिच्यावर आधी कुणीतरी कोर्टात याचिका दाखल करील.

मग खासदार पकडायचा. गोव्याचे लोकसभेत दोन. निवड करायला त्रास नाही. तुमच्या अर्जावर प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात उभा राहील, अमुक विषयावरचा, अमुक इतक्यांनी सही केलेला अर्ज सादर करतो, एवढं एक ठरावीक वाक्य म्हणेल आणि खाली बसेल. त्यावर चर्चेला परवानगी नाही. तेवढ्यात चहाला उठलात तर तुमचा ऐतिहासिक क्षण हुकला असं समजा.

आता खरा अवघड भाग: मागायचं काय? इथे नवखे लोक गडबड करतात. आपल्याला काय हवंय ते लिहून मोकळे होतात. कर्जाचं व्याज माफ करा, गेलेल्या नोकरीची भरपाई द्या, विहिरीत पाणी आणा, पोराच्या शाळेची फी भरा. असलं लिहिलं की अर्ज स्थानिक वाटतो. २०१७ साली सत्तरीतल्या सोनशी गावाने नेमकं हेच केलं. घराच्या भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या वह्यांवर ट्रकांची धूळ बसत होती. लोकांनी धूळ कमी करा, पाणी द्या म्हणत ट्रक अडवले. पंचेचाळीस जणांना अटक झाली, त्यात बाया होत्या. मागणी स्वतःची आणि तीही साधी. व्यवस्थेला असली माणसं हाताळायची सवय नसते.

शहाणा अर्जदार तयार मागणी उचलतो. २०१८ नंतर ती सगळीकडे मिळत होती. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलती संसदेने १९८७ च्या कायद्याने रद्द केल्या आणि त्यांचे खाणपट्टे केले, तेही मागच्या तारखेपासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून! मागणी अशी की ही तारीख १९८७ करा. मग पट्ट्याची पन्नास वर्षांची मुदत २०३७ पर्यंत जाते आणि खाणी लिलावाशिवाय जुन्याच हातात राहतात. हे गणित ट्रकवाल्याने रात्री जागून पाटीवर मांडलं असं ज्याला वाटतं त्याने वाटू द्यावं. २०१८ मध्ये विधानसभेने केंद्राला कायदा दुरुस्त करा म्हणून सांगणारा ठराव एकमताने केला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या थंडीत धरणं झालं. अर्ज ट्रकवाल्याचा, अंगठा ट्रकवाल्याचा, फुटपाथवर कुडकुडायचं ट्रकवाल्याने आणि पट्टा ज्याचा त्याचा. यात फसवणूक काही नाही. खाण सुरू झाली तर ट्रकही चालेल, हे खरंच आहे. फक्त खाण बंद असताना ट्रकवाल्याने काय खावं, हे त्या मागणीत शोधू नका, तिथे ते लिहिलेलं नाही.

(कायदा काही तसा बदलला नाही. पण चांगली मागणी वाया जात नसते, पुढच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ती परत भेटते.)

आणि एक गैरसमज काढून टाका, की संसद हळू चालते. जरा तारखा बघा. १२ जानेवारी २०१५ रोजी खाण कायद्यात बदल करणारा अध्यादेश निघाला. यापुढे पट्टे लिलावानेच. पण गोव्यात तोवर ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण उरकलं होतं, त्यातलं शेवटचं काम त्याच दिवशी झालं, आणि या घाईवर पुढे सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं. बघा, सरकारी कचेरीत मनावर घेतलं की काय होत नाही! मार्चमध्ये त्याच अध्यादेशाचं विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे, म्हणजे ते तपासायला नेमलेल्या खासदारांकडे, गेलं, तिने आठवड्यात अहवाल दिला आणि २० मार्चला विधेयक मंजूर. २०२० मध्ये इतर राज्यांतल्या कित्येक खाणींची मुदत ३१ मार्चला संपत होती. उत्पादन थांबू नये, जुन्या परवानग्या नव्या मालकाला आपोआप मिळाव्यात, म्हणून २ मार्चला विधेयक मांडलं, १२ मार्चला दोन्ही सभागृहांतून बाहेर. २०२१ ची दुरुस्ती १५ मार्चला आली, २२ ला संपली. तिच्यासाठी प्रवर समिती मागणाऱ्यांना वेळ नाही असं कळलं. २०२३ ची २६ जुलैला आली आणि मणिपूरच्या गदारोळात २ ऑगस्टपर्यंत पार झाली. यातल्या कशासाठी कुणी नम्र अर्ज केला, अंगठा उठवला, असं ऐकिवात नाही. खनिजाला अर्ज करावा लागत नाही, त्याची अडचण आपोआप कळते.

म्हणून आमचा प्रामाणिक सल्ला: जमलं तर पुढच्या जन्मी लोहखनिज व्हा. माणूस म्हणून अडून राहायचं असेल तर कोणत्या यादीत बसता ते तरी नीट बघा. २०११ च्या खाण विधेयकात बाधितांसाठी तरतूद होती. कोळशाच्या नफ्यातला २६ टक्के वाटा, इतर खनिजांत रॉयल्टीइतकी, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेइतकी, रक्कम. एवढ्या गंभीर गोष्टीत घाई करून कसं चालेल? विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने दीड वर्ष मन लावून अभ्यास केला, २०१३ च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि २०१४ मध्ये लोकसभाच विसर्जित झाल्याने विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद. पुढे २०१५ मध्ये बाधितांचा निधी सांभाळणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. रॉयल्टीइतकी रक्कम आता रॉयल्टीच्या ३० टक्के झाली, लिलावातल्या खाणींना १० टक्के. तरीही देशभरात या निधीत १ लाख कोटींहून जास्त जमले. पैसा आहे, तुमच्याच नावाचा आहे. काढायला गेलात की कळतं, तुम्ही ‘थेट बाधित’ की ‘अप्रत्यक्ष बाधित’, हे आधी ठरायचंय.

कामगार सुरक्षेबाबत मात्र संसदेने वेग दाखवला, हे नाकारता येणार नाही. १९५२ चा खाण कायदा आणि आणखी बारा कायदे एका संहितेत घालून ते विधेयक १९ सप्टेंबर २०२० ला आलं. विरोधक बहिष्कार टाकून बाहेर बसले होते, २३ तारखेला ते मंजूर झालं. अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. कामगार संघटनांच्या काही लोकांना ही पाच वर्षांची दिरंगाई देवाची कृपाच वाटली, तो वाद इथे नको.

आता समजा तुमचा अर्ज दाखल झाला, समितीने मंत्रालयाकडे विचारणा केली आणि चक्क तुमच्या बाजूने शिफारस केली. असं होतंही. मग पेढे वाटू नका. शिफारस बंधनकारक नसते. काय केलं ते सरकारने तीन महिन्यांत कळवायचं, त्यावर समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यात प्रकरणं ठरलेली. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी एका प्रकरणात. सरकारचं उत्तर ऐकून समितीला ज्या पुढे रेटाव्याशा वाटत नाहीत, त्या दुसऱ्यात. ज्यांची उत्तरं समितीला पटली नाहीत, त्या तिसऱ्यात. आणि ज्यांची अंतिम उत्तरं अजून यायची आहेत, त्या शेवटी. तुमचं नाव अहवाल न उघडता शेवटच्या प्रकरणात शोधावं, वेळ वाचतो.

मध्येच कुणी खासदाराने प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं म्हटलं, तर निराश होऊ नका. ते अधिकृत आश्वासन मानलं जातं, आणि अशा आश्वासनांचं पुढे काय झालं ते पाहणारी आणखी एक समिती आहे. म्हणजे तुमच्या एका टिपरमागे आता दोन समित्या लागल्या. बँकेचा वसुली अधिकारी एकटाच येतो, त्याच्या मानाने हे केवढं मोठं पाठबळ.

पटलाचंही महत्त्व ओळखा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेच्या पटलावर आला. ३५,००० कोटींच्या नुकसानीचा आकडा होता. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने (ही २०१८ च्या आधीची बंदी). पटलावरच्या कागदात ताकद असते ती अशी. माल कुठे गेला, पैसे कुणी नेले याची वसुली वर्षानुवर्षं चालू शकते. टिपरचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्याच्या पाच तारखेला थकला.

शेवटची सूचना तारखेबद्दल. लोकसभा विसर्जित झाली की याचिका समितीपुढे पडून असलेले अर्जही तिच्याबरोबर जातात. तेव्हा मुदत संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं असेल तर अर्ज टाकून उगाच कागद वाया घालवू नका, पुढच्या लोकसभेची वाट बघा. ती आली की परत खासदार पकडा, परत भाषांतर करून घ्या, परत सही करा. आणि जुन्या अर्जाची झेरॉक्स सोबत लावू नका. कागद जोडायचे नसतात.