टाकलेल्या मुलांच्या नोंदी चुकीच्या पानावर शोधल्या जातात

"कोकणात टाकून दिलेल्या मुलांची नोंदच होत नसे. जन्मनोंद नसेल तर मूल टाकलेलंच समजावं. आणि दत्तकपत्र नसेल तर शोध संपला." वंशावळी शोधणाऱ्यांमध्ये हा मजकूर बराच फिरतोय. तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे लोक दप्तर उघडण्याआधीच माघारी फिरतात.

नोंद होत नसे, हे आधी बघू. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ही गावची जुनी नोंदवही; तिच्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही असतात. सापडलेलं तान्हं मूल लवकर दगावण्याचा धोका मोठा, म्हणून आधी मृत्यूची पानं वाचा. वय दिवसांत किंवा महिन्यांत दिलेल्या, नाव नसलेल्या नोंदी वेगळ्या काढा. जन्माच्या अंदाजे महिन्यापासून पुढचं वर्षभर पाहा आणि आसपासची गावंही घ्या, कारण नोंद मूल जिथे सापडलं तिथली असू शकते. १८६२ पासून २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१७ बारा वर्षांखालचं मूल टाकण्याबद्दल होतं, तर ३१८ अर्भकाचं प्रेत गुपचूप पुरून जन्म लपवण्याबद्दल. तेव्हा फौजदारी दप्तरही चाळायला हवं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं तर सार्वजनिक जागी सापडलेल्या नवजात मुलाची खबर देणं गावात पाटलाला आणि इतरत्र पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला बंधनकारक केलं.

जन्मनोंद न मिळण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: बाळंतपण माहेरी. खेडच्या घरातलं मूल दापोलीच्या वहीत निघतं. शिवाय जुन्या वहीत पुष्कळदा बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, तेही मोडी लिपीत. आजच्या नावानं शोधणाऱ्याला ते दिसणारच नाही. तारीख, गाव आणि बापाचं नाव जुळवा. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यामुळे तिथलं दप्तर वेगळं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, म्हणून त्याआधीच्या कागदांसाठी रत्नागिरीतही विचारा. एवढं न करता केवळ रिकाम्या जागेवरून कुणाच्या आईबद्दल निष्कर्ष काढणं हा अन्याय आहे.

दत्तकपत्राचा मुद्दा तर कायद्यालाच धरून नाही. जुन्या हिंदू कायद्यात मूल दत्तक देण्याचा हक्क आईबापांनाच होता. आईबाप अज्ञात असलेलं मूल पालकानं दत्तक द्यायची स्पष्ट सोय १९६२ च्या दुरुस्तीनं झाली. त्याआधी अशी मुलं कागदाशिवायच घरात वाढली, तर त्यात नवल नाही.

त्यांचा माग शाळेच्या जनरल रजिस्टरात घ्या. तिथे पालकाचं नाव, जन्मतारीख आणि आधीची शाळा एकत्र मिळते. ती जन्मतारीख मात्र अनेकदा अंदाजानं लिहिलेली असते, तेव्हा कोतवाल बुकात दोन-तीन वर्षं मागेपुढे पाहा. विधवेचं गुपचूप बाळंतपण झाल्याची शंका असेल, तर पंढरपूरच्या १८७५ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचाही विचार करा. नकलेसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना गाव, नमुना १४ आणि वर्षांचा पट्टा लिहा, आणि जन्म व मृत्यू दोन्ही बाजूंची पानं मागा.