घरी शिकवल्यास तुरुंगवास? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: शिक्षण हक्क कायदा आल्यापासून मुलाला शाळेत न घालता घरी शिकवणे हा गुन्हा असून आईवडिलांना तुरुंगवास होऊ शकतो, अशा मुलाला पुढे कोणतीही शाळा घेत नाही, आणि दहावीची परीक्षा तर त्याला कधीच देता येत नाही. तिन्ही विधाने चुकीची आहेत, परंतु पहिल्याच्या पोटात अर्धसत्य दडलेले असल्याने त्याचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याचे कलम 10 मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला कैद किंवा दंड करण्याची तरतूद या कायद्यात कोठेही नाही. ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांचा अर्थ कलम 8 मध्ये दिला असून 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची जबाबदारी तेथे शासनावर टाकली आहे. येथवर मजकूर खोटा ठरतो. पण म्हणून घरशिक्षणाला कायद्याची मान्यता आहे, असे छातीठोकपणे सांगणारे उत्साही पालकही चुकतात, कारण घरी शिकण्याचा पर्याय कायद्याने स्पष्ट शब्दांत दिला आहे तो केवळ तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना, आणि तोही 2012 च्या दुरुस्तीने. इतरांच्या बाबतीत कायदा मौन पाळतो. या मौनाचा व्यवहारातला परिणाम असा की, 4 जुलै 2015 रोजी राज्यभर झाले तसे शाळेत न जाणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण निघाले, तर घरी उत्तम शिकणारे मूलही ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंदले जाऊ शकते. दारात आलेल्या शिक्षकांशी हुज्जत घालण्यापेक्षा मुलाचा जन्मदाखला आणि वर्षभराच्या अभ्यासाच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

दंडाची तरतूद आहे, पण ती वेगळ्याच ठिकाणी. कलम 18 नुसार मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत, आणि ती तशीच चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चार घरांतील मुले एकत्र करून, फी ठरवून, शाळेच्या वेळात नियमित वर्ग भरवणाऱ्यांनी ‘आमचे घरशिक्षणच आहे’ या समजुतीवर विसंबून राहू नये. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना हे कलम मात्र सहसा ठाऊक नसते.

पुनःप्रवेशाविषयीच्या दाव्याला कलम 4 हेच उत्तर आहे. सहा वर्षांवरील मूल कधीच शाळेत गेले नसले तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे, असे ते सांगते. ही हमी आठवीपर्यंतची आहे. थेट नववी-दहावीत प्रवेश हवा असेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

राहिला दहावीचा प्रश्न. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला आधीच्या कोणत्याही इयत्तेच्या प्रमाणपत्राविना देता येते. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तरही तेथे आहेत. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म असतो, पण तेथे आधीच्या शिक्षणाचा पुरावा मागितला जातो आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलाची अडचण होते ती नेमकी याच टप्प्यावर. तेव्हा शाळेचा दाखला हाती नसलेल्यांनी पहिला विचार एनआयओएसचा करावा. तेथील बारावीवर वैद्यकीय शाखा बंद होते, ही भीतीही आता जुनी झाली आहे: मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेपासून दूर ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्येच रद्द ठरवली.