फ्लॉपीवर फाइल सिस्टिम टाकायचीय? मग माऊस आधी बाजूला ठेवा

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की आपल्याला फाइल न्यायचीय. फाइल न्यायला पेनड्राइव्ह आहे, मेल आहे, अगदीच काही नाही तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवता येते. आपल्याला लिनक्सच्या कमांड लाइनवरून, म्हणजे हुकूम टाइप करून, फ्लॉपीवर फाइल सिस्टिम (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद ठेवायची व्यवस्था) बनवायचीय, आणि ती बनवताना मागे किमान दोन माणसं उभी पाहिजेत, त्यातला एक तरी असा हवा जो "अरे, हे राइट क्लिक करून होत नाही का?" असं विचारेल. त्याच्याकडे बघून फक्त हसायचं. उत्तर द्यायचं नाही, दिलं की संपलं, तो म्हणणार "मग तसंच कर ना".

आणि कोणी "आता कोण वापरतं फ्लॉपी?" असं म्हणालंच तर मसाला तयार ठेवा. सरकारकडे कागदपत्रं फ्लॉपीवर द्या असं सांगणारे जपानमधले नियम जवळपास सगळे रद्द झाले ते २०२४ साली. बोइंग ७४७-४०० विमानाचा नेव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी फ्लॉपीने अपडेट व्हायचा. एवढं बोललात की समोरचा गप्प बसतो, तुमच्याकडे विमान नाहीये हे त्याच्या लक्षात यायच्या आत टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं.

फ्लॉपी नवी मिळणार नाही, सोनीने जपानात २०११ मध्येच विकणं बंद केलं, तेव्हा माळ्यावरचा डबा काढा. कोकणात राहत असाल तर फारच उत्तम, कारण तिथल्या चार पावसाळ्यांत आतल्या काळ्या तबकडीवर जी बुरशी चढते तिची सर पुण्याच्या हवेला नाही. पत्र्याचं झाकण सरकवून आत बघा, वर्तुळाकार पांढरे डाग दिसले तर हीच फ्लॉपी. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडलाही थोडं लागू द्या. ७२० केबीची जुनी सापडली तर टाकू नका, तिच्या कोपऱ्यात घरातल्या ड्रिलने एक भोक पाडा म्हणजे ड्राइव्हला वाटतं ही १.४४ एमबीवाली, हा जुगाड जगभर चालायचा. त्या जुन्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर वेगळ्या ताकदीसाठी बनवलेला असतो त्यामुळे लिहिलेलं आज दिसतं आणि काही दिवसांनी दिसेनासं होतं, पण तोवर मागची दोन माणसं घरी गेलेली असतात.

ड्राइव्हचं काय, तर जुना रिबन केबलवाला मिळाला तर सोनं. लिनक्स कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, फ्लॉपीचा ड्रायव्हर २०१९ साली रीतसर अनाथ म्हणून नोंदवला गेला, सांभाळणाऱ्याकडेच चालू ड्राइव्ह उरला नव्हता हो (नंतर दुसऱ्या कोणीतरी दत्तक घेतला म्हणा). यूएसबीवाला ड्राइव्ह मात्र वेगळ्या कारणासाठी घ्या, त्याच्यावर खाली येतोच.

आता पहिली कमांड, एफडीफॉरमॅट. इथे बरेच जण गडबडतात कारण डॉसमध्ये फॉरमॅट म्हटलं की एकाच दमात सगळं व्हायचं. लिनक्समध्ये कामं दोन. एफडीफॉरमॅट म्हणजे मोजणी करून प्लॉट पाडणं आणि एमकेएफएस म्हणजे त्या प्लॉटांचे सातबारे तयार करणं. मोजणी चालू झाली की ड्राइव्ह जो खर्र खट खर्र खट आवाज काढतो तो या सगळ्या कार्यक्रमाचा खरा आनंद आहे, तबकडी मिनिटाला ३०० वेळा फिरते, एका बाजूला ८० ट्रॅक, बाजू दोन, एका ट्रॅकवर १८ सेक्टर, एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. हा गुणाकार मोठ्याने करा, १४,७४,५६० येतात. मग मागच्यांना विचारा, हे १.४४ मेगाबाइट कसं झालं? दहा लाखाने भागलं तर १.४७ येतं, १०२४ ने दोनदा भागलं तर १.४१. एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागलं की बरोब्बर १.४४! अख्ख्या जगाने पंचवीस वर्षं डब्यावर छापलेला आकडा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा होता आणि कोणाला काही वाटलं नाही. यावर चहा होतो.

चहा होईपर्यंत व्हेरिफाय, म्हणजे पाडलेले प्लॉट नीट वाचता येतात का याची तपासणी, चालू असतं. तिथे एरर आली तर घाबरायचं नाही, व्हेरिफाय बंद करायचा ऑप्शन आहे, तो वापरा. एरर दिसली नाही म्हणजे एरर नाही.

आता एमकेएफएस. इथे फॅट, म्हणजे डॉस-विंडोजवाली फाइल सिस्टिम, घेऊ नका, कळकळीची विनंती. फॅट१२ म्हणजे अगदीच सोयीची भानगड, बूट सेक्टरला एक, फॅटच्या दोन प्रतींना नऊ नऊ, रूट डिरेक्टरीला १४, असे ३३ सेक्टर गेले की उरलेले २८४७ तुमचे, आणि ती विंडोजवर चालते, मॅकवर चालते, जुन्या मशीनवर चालते, कुठेही घाला वाचली जाते. मग तुमची गरज काय राहिली? एक्स्ट-टू घ्या, लिनक्सची घरची, एक्सपीसारख्या विंडोजला आपणहून ओळखूही न येणारी. तिची शान बघा, फ्लॉपीत एकेक केबीचे १४४० ब्लॉक, त्यातले पाच टक्के म्हणजे ७२ ब्लॉक सुपर युजरसाठी राखीव. हे आरक्षण मोठ्या सर्व्हरसाठी केलेलं, डिस्क भरली तरी ॲडमिनला काम करता यावं म्हणून. तुमच्या फ्लॉपीवरही ॲडमिन कधी ना कधी येईल, त्याच्यासाठी ७२ केबी सोडा. शून्य टक्के करायचा ऑप्शन आहे, पण ते कंजूषपणाचं लक्षण. शिवाय मोडलेल्या फाइल सिस्टिममधून सापडलेले तुकडे ठेवायचं लॉस्ट अँड फाउंड नावाचं फोल्डर आपोआप येतं, १२ केबीचं, या फ्लॉपीवर तेच सगळ्यात आधी लागणार आहे.

कोणी हौशी म्हणेल एक्स्ट-थ्री करू, जर्नलवाली, म्हणजे प्रत्येक बदल आधी रोजनिशीत टिपणारी, सेफ असते. करून बघू द्या त्याला. जर्नलला किमान १०२४ ब्लॉक लागतात म्हणजे या फ्लॉपीवर एक एमबी, १.४४ पैकी एक एमबी निव्वळ रोजनिशी. प्रोग्राम स्वतःच म्हणतो की फाइल सिस्टिम जर्नलसाठी फार लहान आहे. बिचाऱ्याला अजून लाज आहे.

आता यूएसबीवाला ड्राइव्ह. पहिली गंमत अशी की त्याच्यावर एफडीफॉरमॅट चालतच नाही, त्याला वेगळा प्रोग्राम लागतो. दुसरी गंमत खरी. तो एफडी-झिरो या स्वतःच्या नावाने येत नाही, एसडीबी, एसडीसी असा येतो, म्हणजे ज्या खानदानात तुमची फोटोंची बॅकअप हार्ड डिस्क येते त्याच खानदानात. काल फ्लॉपी आधी लावली होती तेव्हा ती एसडीबी होती. आज हार्ड डिस्क आधी लावली. तुम्ही रूट, म्हणजे तोच सुपर युजर, होऊन बसलेले आहातच (एकेका कमांडपुरती ती ताकद देणारं सुडो दर वेळेला कोण टाइप करत बसणार), वरच्या बाणाची की दाबायची, कालची कमांड येते, एंटर. एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड मारून साइज बघता येते हो, १.४ एमबी कुठली आणि एक टीबी कुठली ते लहान पोरालाही दिसतं, पण ते बघणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.

तरी आजकालचे प्रोग्राम मधे पडतात. म्हणे या डिव्हाइसवर आधीच फाइल सिस्टिम आहे, पुढे जाऊ का? वाय दाबा. फारच कुरकुर केली तर कॅपिटल एफ द्या, जबरदस्तीचा ऑप्शन. आणि डिस्क माउंट झालेली, म्हणजे सिस्टिमला जोडून वापरात असल्यामुळे तरीही नाही म्हणाला तर एफ दोनदा द्या. मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या माहितीपत्रकात, याला खरोखर धोकादायक म्हटलंय, पण मॅन पेज वाचणारी माणसं तुमच्यासारखी मोठी होत नाहीत.

समजा नशिबाने फ्लॉपीच फॉरमॅट झाली. माउंट करा, फाइल कॉपी करायला सीपी मारा. एका सेकंदात प्रॉम्प्ट परत! बघा म्हणावं लिनक्सचा स्पीड. ड्राइव्हचा दिवा लागलेला नाही, आवाज नाही, कारण फाइल अजून मेमरीतच बसलीय, कर्नल सवडीने लिहिणार. हीच ती वेळ. मॅकवाल्यांचा ड्राइव्ह फ्लॉपी स्वतः बाहेर द्यायचा, सिस्टिमने सोडल्याशिवाय हातात येत नसे. पीसीवर बटण निव्वळ यांत्रिक, दाबलं की टक्कन बाहेर, आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही. एवढं स्वातंत्र्य दिलेलं असताना अनमाउंट मारून दहा सेकंद दिवा विझायची वाट बघत बसणं शोभत नाही. दाबा बटण, लेबल चिकटवा, बॉलपेनने जोर देऊन त्यावर नाव लिहा.

आणि फ्लॉपी जाऊ द्या जिथे जायचीय तिथे. एमआयडीसीतल्या कुठल्या तरी शेडमध्ये जुनी सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणारी मशीन, अजून फ्लॉपीवरच प्रोग्राम घेते, तिच्या शेजारी तेलकट कीबोर्डचा विंडोज एक्सपीवाला पीसी, ऑपरेटरला सांगून ठेवायचं की त्यात घालून फक्त फाइल आलीय का बघ. फोन येतोच.

"साहेब, फ्लॉपी घातली तर तो म्हणतोय डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का."

"अरे हात लावू नकोस, मी येतो."

"नाही, मी यस केलं. झाली पण. आता एकदम ओके उघडतीय साहेब, रिकामीय फक्त."