सड्याचा सर्व्हे पावसाळ्यात का होत नाही?

साताऱ्याजवळचं कास पठार मार्च-एप्रिलमध्ये पाहिलंय का कुणी? अशा कातळाच्या सपाट माथ्यालाच सडा म्हणतात. सप्टेंबरात फुलांचे फोटो टाकणाऱ्यांना मुद्दाम विचारतोय. नसेल पाहिलं तर एकदा जा. काळा कातळ, वाळलेलं गवत आणि डोक्यावर ऊन. तिथे उभं राहून कुणी म्हणालं, "इथे वाचवण्यासारखं आहे काय?", तर उत्तर सुचणार नाही.

आपल्याकडचं पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे सगळे ज्याला ईआयए म्हणतात ते, बऱ्याचदा अशाच कोरड्या दिवसांत होतं. अहवालासाठी हवा, पाणी, वनस्पती, प्राणी यांची मूळ स्थिती नोंदवायची असते. बहुतेक प्रकल्पांना त्यासाठी एका हंगामाची माहिती पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असा दंडक आहे. कारखान्याच्या धुराड्यासाठी हे शहाणपणाचंच आहे. पावसात धूळ बसते, हवा उगाच स्वच्छ दिसते. पण सड्यावर? वायतुरा, गेंद, सीतेची आसवं, कवला, चवर ही सगळी फुलांची मंडळी जूननंतर वर येतात आणि दिवाळीपर्यंत आपला संसार आटोपतात. सीतेची आसवं तर कातळावरच्या बोटभर मातीत उगवते आणि मातीत कस नाही म्हणून बारीक जीव पकडून खाते. फेब्रुवारीत गेलेला सल्लागार खोटं न लिहिताही 'विरळ गवत, खडकाळ जमीन' असं लिहून मोकळा होतो. शाळा मे महिन्यात तपासायची आणि मुलं दिसली नाहीत म्हणून बंद करायची, त्यातला प्रकार.

बरं, त्या सल्लागाराचे पैसे देतो कोण? ज्याला बांधायचंय तोच. यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

तरी एवढा अहवाल व्हायला प्रकल्प मोठा लागतो. केंद्राची 14 सप्टेंबर 2006 ची ईआयए अधिसूचना सांगते की 20,000 चौरस मीटरच्या खालच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. त्यावर, दीड लाख चौरस मीटरपर्यंत, अर्ज आणि आराखड्यावर भागतं. सविस्तर अहवाल लागतो तो दीड लाखाच्या पुढे किंवा 50 हेक्टरच्या टाउनशिपला. आणि तिथेही जनसुनावणी नाही, बांधकाम प्रकल्पांना त्यातून सूट आहे! आता सांगा, आपल्या डोंगरांवर दीड लाख चौरस मीटरचं एकच बांधकाम कितीसं येतं? येतात ती फार्महाऊसं, वीस खोल्यांची रिसॉर्टं, 'व्हॅली व्ह्यू'वाले बंगले, त्यांचे रस्ते, त्यांच्या बोअर. एकेकटं पाहिलं तर सगळे निरुपद्रवी. सगळ्यांची बेरीज कुणाच्याच टेबलावर येत नाही. सातबाऱ्यावर कातळाला 'पोटखराबा' लिहिलेलं असलं की घेणाऱ्यालाही वाटतं, बिनकामाची जागा आपण कामाला लावतोय.

सातारा जिल्ह्यातल्याच चाळकेवाडी पठाराचं उदाहरण घ्या. पवनचक्क्यांना या अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही, कारण वारा स्वच्छ. मीही पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, आणि खाणारा गेल्यामुळे सरडे वाढलेले. त्या सरड्यांची भीतीही कमी झालेली. पठाराची सगळी घडी बदलली आणि चक्क्या उभ्या करताना हे तपासायला कायद्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे आत्ता लिहायचं कारण, नवीन महाबळेश्वर, म्हणजे सरकारचं नियोजित नवं थंड हवेचं ठिकाण. सातारा जिल्ह्यातली 235 गावं, सुमारे 1,153 चौरस किलोमीटर, नियोजन राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे. नंतर आणखी गावं जोडली गेली. एवढ्या मोठ्या प्रादेशिक आराखड्याला स्वतःची पर्यावरण मंजुरी लागत नाही, कारण अधिसूचनेच्या यादीत 'आराखडा' हा प्रकारच नाही. म्हणजे कुठे बांधायचं हा मुख्य निर्णय मूल्यांकनाशिवाय होणार आणि मग एखाद्या हॉटेलला सांडपाण्याच्या टाकीबद्दल विचारणार. माझ्या मते हे साफ उलटं आहे. आधी अख्ख्या पठाराचं मूल्यांकन करा, किमान एक पूर्ण पावसाळा धरून. कुठलं पाणी कुठल्या झऱ्याला जातं ते पाहा. साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव याच डोंगरात आहे, उरमोडीही इथलीच. मग कुठे किती बांधायचं ते ठरवा.

पश्चिम घाटाचा काही भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेवर भिस्त ठेवणाऱ्यांना एक सांगतो. पहिला मसुदा मार्च 2014 मध्ये आला, सहावा 31 जुलै 2024 ला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. तो अंतिम झाला तरी नव्या बांधकामांवरची बंदी पुन्हा 20,000 चौरस मीटरपासूनच सुरू होते. वीस खोल्यांचं रिसॉर्ट तेव्हाही त्या आकड्याच्या खालीच राहणार. आणि हो, गावकऱ्यांच्या राहत्या घरांची दुरुस्ती-वाढ यांना त्या मसुद्यात मनाई नाही. 'घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत' ही भीती जे घालतात, त्यांचे स्वतःचे प्लॉट कुठे आहेत तेही विचारा.

आता कुणीतरी लिहीलच, "मग स्थानिकांनी फुलं खायची का?" रास्त प्रश्न आहे. कोयनेच्या धरणात एकदा सगळं गमावलेल्या खोऱ्यांना शहरातून उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण कासला आसपासच्या गावांच्या समित्याच प्रवेश शुल्क घेतात, तिथलीच पोरं गाईड म्हणून उभी राहतात. त्यात त्रुटी आहेत, भांडणंही आहेत, पण जमीन गावाकडे राहिलीये. गुंठ्याच्या भावाने एकदा विकल्यावर त्याच माणसाला त्याच जागेवर वॉचमनची नोकरी मिळते. आराखड्यावर पुन्हा हरकती मागवल्या गेल्या की 'विकास हवा' किंवा 'विकास नको' एवढंच लिहू नका. सर्व्हे कुठल्या महिन्यात केला, ते लेखी विचारा.